तरवड विकत मिळेल का?

माझ्या आजोबांचं निम्मं आयुष्य हरळी काढण्यात गेलं. काळ्या रानात एकदा हरळी शिरली की निघता निघत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं फोडायची, बायकांनी ओळीनं बसून काशा वेचायच्या, पाट्या भरभरून बांधावर नेऊन टाकायच्या. आणि मृगाची पहिली सर आली की बांधावर वाळून कोळ झालेल्या त्या काशांना पुन्हा कोंब फुटलेले. आजोबा माणसांना फारशा शिव्या देत नसत. त्यांच्याकडचा सगळा साठा हरळीसाठी राखीव होता.

त्यांच्या एका नातवानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, लातुरात बंगला बांधला आणि बंगल्यापुढं हरळी लावली. विकत आणून. चौरस फुटाच्या भावानं. टेम्पोतून तिच्या घड्या उतरल्या, दोन माणसांनी त्या सांधे जुळवून अंथरल्या, वरून पाण्याचा फवारा. नर्सरीवाल्यानं तिला 'बर्म्युडा' म्हटलं होतं, पण कूळ तेच. आजोबा हयात असते तर वास्तुशांतीला खुरपं घेऊन आले असते.

यात हरळीचा काही दोष नाही. रानातली हरळी कुणाकडं पाणी मागत नाही. एप्रिलमध्ये ती करड्या रंगाची होते, जमिनीखाली गप्प पडून राहते, जूनमध्ये उठते. बंगल्यातल्या हरळीला ही सवलत नाही. तिनं बारा महिने, त्यातही पाहुणे येतात त्या मे महिन्यात तर खासच, हिरवं असायचं असतं. मी एकदा भावाच्या अंगणात बसून हिशेब केला. एक हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आमच्याकडच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर चौरस मीटरमागं रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. झाले पाचशेच्या वर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. चार माणसांचे होतात ५४०. म्हणजे भावाच्या अंगणात आणखी एक चौकोनी कुटुंब राहतं, आणि ते घरपट्टी भरत नाही, मतदान करत नाही, सणावाराला साधी पुरणपोळीही पाठवत नाही.

हिशेब ऐकून भाऊ म्हणाला, "तू जेवायला आलास का ऑडिटला?"

बाहेरच्या वाचकाला यात एवढं काय असं वाटेल, म्हणून लातूरची ओळख सांगतो. आमच्याकडं वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. ऐकायला बरा वाटतो, पण तो चाळीस-पन्नास दिवसांत उरकतो आणि एखाद्या वर्षी तेवढाही येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जवळपास साडेतीनशे किलोमीटर. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली: दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. लोक हार घेऊन स्टेशनवर गेले होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून १४४ कलम लागलं होतं. त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, कारण मैदानावरच्या गवताची तहान. मैदान तरी मोठं असतं, तिथं निदान खेळतात. आमच्या भावाची हिरवळ शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात ५० हजार लिटर पिते. म्हणजे मिरजेहून आलेली एक अख्खी वाघीण तिला एकटीला लागते. बरं, त्या हिरवळीवर कुणी बसतही नाही. बसलं तर गवत दबतं.

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांना हा हिशेब मनापासून पटला. त्यांनी सगळी हिरवळ उपटली आणि जागी प्लॅस्टिकची आणली. खरी हिरवळ लाजेल इतकी हिरवी. पहिल्या मे महिन्यात असं लक्षात आलं की दुपारी दोन वाजता तिच्यावर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो आणि संध्याकाळपर्यंत तिच्यातून झळा निघतात. शिवाय धूळ बसते ती वेगळीच. आता साहेब रोज संध्याकाळी लुंगी खोचून, हातात पाईप धरून प्लॅस्टिकच्या गवताला पाणी घालतात. मी जाता-येता नमस्कार करतो. बोलत नाही.

आमच्या अंगणात काय लावायचं, हा प्रश्न आला तेव्हा मी नर्सरीत गेलो. नर्सरी रिंगरोडला. वर हिरवी जाळी, खाली काळ्या पिशव्यांतली रोपं, आत गारवा. पाम, क्रोटन, फायकस, पिवळा दुरांता, थायलंडचा चाफा, कुठल्या तरी देशातून आलेली आणि कुठल्याही देशात सारखीच दिसणारी झुडपं. मालक खुर्चीत मोबाईल बघत होता.

"तरवड आहे का?"

"कोणतं, सर?" लातुरात इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रत्येक माणूस सर असतो, शिकवणीच्या क्लासेसनी शहराला दिलेली ही देणगी आहे.

"तरवड."

त्यानं मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडं काळजीनं बघितलं. "सर, तरवड इकत घेत असतेत का? औसा रोडला चला, म्हणाल तेवढं उपटून देतो."

"मग निरगुडी? हेंकळ? नेपती?"

"सर, तुम्ही आयुर्वेदाचे का?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते नर्सरीत उभं राहिल्यावर कळतं. पण माणूस सरळ होता. चहा मागवला आणि धंद्याचं मर्मही सांगितलं. "हे बघा सर, क्रोटन लावलं, उन्हाळ्यात वाळलं, की गिऱ्हाईक पावसाळ्यात परत येतंय. तुमचं तरवड मरतच नाही. मरत नाही त्या झाडाचं गिऱ्हाईक परत कशाला येईल?" उन्हाळ्यात त्याला स्वतःला टँकर विकत घ्यावे लागतात, हेही त्यानंच सांगितलं. पर्यावरणावरच्या बऱ्याच परिसंवादांत मी बसलो आहे. दोन वाक्यांत इतकं अर्थशास्त्र मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी तरवडाच्या शेंगा मी थंडीत रस्त्याच्या कडेनं गोळा केल्या. चपट्या, तपकिरी, कागदासारख्या पातळ, वाऱ्यावर खुळखुळतात. बी कठीण असतं, म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजत घालायचं. कुंपणाच्या कडेनं जूनमध्ये टोकलं आणि मग फार काही केलं नाही. फार काही न करणं हाच या बागकामाचा भाग असल्यामुळं ते मला जमलं.

तरवड हे काही ऐटबाज झाड नव्हे. छातीएवढं झुडूप, चिंचेच्या घराण्यातली वाटावी अशी जोडपानं, आणि फांद्यांच्या टोकांना पिवळ्याजर्द फुलांचे घोस. बारकाईनं बघितलं तर पाच पाकळ्या थोड्या चुरगळलेल्या असतात, आणि मधल्या लांब पुंकेसरांना आकड्यासारखा बाक असतो. भुंगा आला की त्या आकड्याला धरून सगळं फूल थरथरवतो आणि पराग झटकून घेतो. पानांवर पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात, पानाच्या शिरेला अंग लावून, दिसू नये म्हणून. पूर्वी याची साल कातडी कमवायला लागायची. शेळी काहीही खाते असा आपला समज आहे, पण ती तरवडाला तोंड लावत नाही. म्हणून तर उजाड माळावर, सगळं चरून झाल्यावरही, हा एकटा पिवळा उभा असतो. कॉलनीतल्या मोकाट जनावरांनी आजूबाजूच्या घरांतली जास्वंद दोनदा साफ केली. माझ्या कुंपणाजवळ येऊन ती हुंगतात आणि पुढं जातात.

आमच्या सीमेपलीकडं, तेलंगणात, या तरवडाला राज्यफुलाचा मान आहे. बतुकम्माच्या सणात तिथल्या बायका त्याच फुलांचे थर रचतात. शमी हा त्यांचा राज्यवृक्ष. १९५६ पर्यंत आम्ही आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो. वाटणीत तरवडाची अब्रू मात्र तिकडं गेलेली दिसते. महाराष्ट्राचं राज्यफूल तामण. फार देखणं फूल आहे, वाद नाही. पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं, पाण्यात पाय सोडून बसणारं झाड. मराठवाड्याच्या माणसानं त्याच्याकडं कौतुकानं बघावं आणि घागर उचलून चालू लागावं.

कमी पाण्याची झाडं म्हटलं की लोकांना निवडुंग आठवतो, आणि गोटे. पांढरे गोटे अंथरून मधोमध एक घायपात खोचली की काहींची बाग होते. ती घायपात मेक्सिकोची आणि फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आलेला. आपल्याकडच्या झाडांनी पाण्याचा प्रश्न दुसऱ्याच तऱ्हेनं सोडवलेला आहे, आणि प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणं. पळस पानंच गाळून टाकतो. तीनच तर पानं, त्यांचा खर्चही नको म्हणतो, आणि सगळी पुंजी फुलांवर उधळतो. कडुनिंब फाल्गुनात निष्पर्ण होतो आणि पाडव्याला, महिनोन्महिने पावसाचा थेंब नसताना, कोवळ्या तांबूस पालवीनं आणि मोहरानं भरतो. मुळं किती खोल गेली असतील याचा अंदाज त्यावरून करावा. बाभळीनं पानं बारीक बारीक करून ठेवली आहेत. बहावा आपण सगळे पंख्याखाली पडलेलो असताना, ऐन वैशाखात, पिवळी झुंबरं लावून बसतो. नेपतीची तर कमालच. तिनं पानांची भानगडच ठेवलेली नाही. हिरव्या काड्यांवरच स्वयंपाक उरकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला विटकरी लाल फुलं काढते. काट्यांमुळं तिच्या वाटेला कुणी जात नाही.

यातलं एकही झाड 'ब्युटिफिकेशन'च्या टेंडरमध्ये मी पाहिलेलं नाही. आपट्याचं तर मला फार वाईट वाटतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून आणायच्या, एकमेकांना सोनं म्हणून द्यायच्या, 'सोन्यासारखे राहा' म्हणायचं, आणि अंगणात मात्र पाम लावायचा.

आता देशी म्हटलं की काही मंडळींना स्फुरण चढतं. परदेशी झाडं हटवा, म्हणतात. अशा एका गृहस्थांशी मी जेवताना बोलत होतो. त्यांच्या पानात मिरचीचा ठेचा होता, त्यात शेंगदाणे होते, आमटीत चिंच होती, आणि जेवणानंतर बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ येणार होतं. मिरची, शेंगदाणा, सीताफळ अमेरिका खंडातून आलेले, चिंच आफ्रिकेची. फार कडक धोरण ठेवलं तर भाकरी तेवढी राहिली असती, आणि तीही ज्वारीची, जिचं मूळ गाव आफ्रिकाच. म्हणजे पानात मीठ. मी त्यांना हे सांगितलं नाही, जेवण त्यांच्या घरी होतं. माझं म्हणणं इतकंच की झाडाची जन्मपत्रिका बघण्याऐवजी त्याचं वागणं बघावं. इथल्या पाण्यात भागवतं का? त्याच्यावर कुणी जगतं का? चिंचेनं भागवलं, शेकडो वर्षांत घरची झाली. वेडी बाभूळ आणि घाणेरी आल्या आणि त्यांनी रानंच बळकावली. झटपट हिरवी भिंत उभी करतं म्हणून अलीकडं सगळीकडं लावलेल्या कोनोकार्पसवर तर २०२३ मध्ये गुजरात सरकारला बंदी घालावी लागली.

देशी झाडांचा मान राखल्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात गोड उदाहरण बीडचं. २०२०च्या फेब्रुवारीत पालवणच्या डोंगरावर, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं जिथं माळावर देशी झाडं लावून वाढवली, तिथं वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. मराठी माणसाला संमेलनाशिवाय करमत नाही आणि अध्यक्षावरून भांडल्याशिवाय संमेलन पार पडत नाही. इथं अध्यक्षांनी लांबलेलं भाषण केलं नाही, मानधन घेतलं नाही आणि वर सावली दिली. साहित्य महामंडळानं विचार करायला हरकत नाही.

दूरच्या देशात हेच काम पैशानं करतात. अमेरिकेतलं लास वेगस वाळवंटात वसलेलं, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. तिथलं पाणी खातं घरापुढची हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटामागं डॉलर मोजतं. २०२१ मध्ये नेवाडा राज्यानं कायदाच केला: रस्त्याचे दुभाजक, कार्यालयांची आवारं अशा ठिकाणची निव्वळ शोभेची हिरवळ २०२६ अखेर काढायची, पुढं तिला कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. जुगाऱ्यांच्या शहराला जे परवडत नाही ते आम्हाला परवडतं. मे महिन्यात आमच्याकडं एका बाजूला घागरींची रांग टँकरची वाट बघत असते आणि दुसऱ्या बाजूनं दुभाजकातल्या झुडपांना आंघोळ घालणारा टँकर जातो.

तर अंगणाचं सांगत होतो. कमी पाण्याची बाग म्हणजे बिनपाण्याची नव्हे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, नंतर हळूहळू तोडायचं. रोज थोडं थोडं पाजलं तर मुळं लाडावून वरच्यावरच राहतात; आठ दिवसांनी एकदा भरपूर दिलं की ती खाली जातात. आळं बुंध्याला चिकटून न करता फांद्यांच्या घेराएवढं रुंद करायचं. मोठ्या झाडांच्या शेजारी मी बिनझिलईची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. भरून वर झाकण ठेवलं की पाणी मातीतून झिरपत राहतं, ज्याला जेवढं हवं तेवढंच ओढून घेतो. ठिबकच्या नळ्या खारींनी कुरतडल्या. मडक्याला त्यांचा इलाज नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा पालापाचोळा. तो झाडून जाळायचा नाही, आळ्यात दोन बोटं जाडीचा थर द्यायचा, म्हणजे काळ्या मातीला भेगा पडत नाहीत आणि ओल टिकते. हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, तो उसाचं पाचट असंच वापरतो. घरकामाच्या मावशींना मात्र सांगून मी थकलो. अंगणात पान दिसलं की त्यांचा हात आपोआप खराट्याकडं जातो. शेवटी आमचा तह झाला: फाटकापासून पायरीपर्यंतचा भाग त्यांचा, बाकीचा माझा.

अवघड आहे ते एवढंच, की ही बाग मार्चपासून जूनपर्यंत करडी दिसते. खाली मारवेल आणि पवन्या वाळून सोनेरी झालेल्या, बोराटीचा काट्यांचा गुंता, हेंकळ धुळीनं भरलेली. मला ती दिसते तशी बरी वाटते; नान्नजच्या माळढोक अभयारण्यातला माळ उन्हाळ्यात याच रंगाचा असतो आणि तिथं लोक मुद्दाम दुर्बिणी घेऊन जातात. पण पाहुणे फाटकातच थबकतात. "बरेच दिवस गावाला होतात का?" असं विचारतात. एकांनी आपुलकीनं टँकरवाल्याचा नंबर दिला. चुलतभावानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'दादाची ओसाड वाडी'. वडिलांच्या पिढीतला उरलेला एकच माणूस, माझी आत्या, त्यावर म्हणाली, "ओसाड कुठं रे? पवना दिसायलाय चांगला. म्हशीला पाठवून दे."

समोरच्या घरातल्या काकूंचा मात्र तत्त्वाचाच विरोध होता. "झुडपं लावली की विंचूकाटा येतो," हे त्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षी दारात काटेरी झाड असू नये, घरात भांडणं होतात, असं कुणाकडून तरी ऐकून आल्या. मी म्हणालो, काकू, आमची भांडणं लग्नापासूनची आहेत, बोराटी परवाची. त्या हसल्या नाहीत.

मग नवरात्र आलं. आमच्याकडं घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालायची रीत आहे. पूर्वी पोरं पहाटे माळावर जाऊन ओटाभर फुलं आणायची. आता माळावर प्लॉट पडले आहेत आणि पोरं क्लासला गेलेली असतात. दुसऱ्या माळेला मी सकाळी उठलो तर कुंपणाबाहेरच्या बाजूचं एकही फूल शिल्लक नव्हतं. तिसऱ्या माळेला आतल्या बाजूचीही गेली. चौथ्या दिवशी साडेपाचलाच दार उघडून बघितलं. इंजिनिअरसाहेबांच्या सौभाग्यवती, कोपऱ्यावरच्या दोघी, आणि सगळ्यांच्या पुढं, हातात परडी आणि एक पाय आळ्यातल्या पाचोळ्यावर, काकू.

मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. परडी कलती करून मला दाखवली.

"बघा, एवढीच निघाली. नऊ दिवस कसं पुरायचं? अजून दोन-चार झाडं लावा की, सर. एवढी जागा रिकामीच पडलीय तुमची."